फ्रिज, गिझर की इन्व्हर्टर: घरातली वीज नेमकी कुठे जाते हे मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात चार माणसं. ऑक्टोबरपर्यंत महिन्याला २०० युनिटच्या आसपास असलेला वापर डिसेंबरच्या बिलात ३१० वर गेला. नवीन उपकरण एकही घेतलेलं नाही. प्लगला लावायचा छोटा मीटर आणला, त्याने फ्रिज १२० वॉट दाखवला. १२० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे ८६ युनिट होतात, तर फ्रिज बदलावा का?

या आकड्यावरून फ्रिज बदलू नका. १२० वॉट हा कॉम्प्रेसर चालू असतानाचा आकडा आहे. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चोवीस तासांतले साधारण ८ ते १२ तास चालतो, बाकीचा वेळ बंद असतो. दहा तास धरले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. बिल वॉटवर येत नाही, युनिटवर येतं. १००० वॉट एक तास चालले की एक युनिट. थर्मोस्टॅट असलेल्या कुठल्याही वस्तूची (फ्रिज, गिझर, इस्त्री, एसी) वॉटची एका क्षणाची नोंद घेऊन ती तासांनी गुणली की उत्तर चुकतंच.

आधी बिल हातात घ्या. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्या तारखा बघा. एखाद्या महिन्यात रीडिंग ३६ दिवसांनी झालं असेल तर वाढ तिथेच दिसते. मागच्या महिन्यात मीटर वाचता आला नाही म्हणून सरासरीने बिल आलं असेल, तर उरलेली युनिटं पुढच्या बिलात येतात. दोन बिलांची तुलना युनिट भागिले दिवस अशीच करायची. दुसरं, ३०० च्या पुढे गेल्यावर सगळी युनिटं महाग दराने लागतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो, वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना. मात्र ही वरची युनिटंच सर्वांत महाग असतात, त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या महाग दराने वाचतं.

मोजणीची सुरुवात महावितरणच्या मीटरपासून करा, प्लगच्या मीटरपासून नको. तो मीटर साधारणपणे एक टक्का अचूकतेच्या वर्गातला असतो, घरातला प्रत्येक वॉट त्याच्यातून जातो आणि पैसे त्याच्याच आकड्यावर लागतात. त्याच्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी इंग्रजीत ३२०० इंपल्स प्रति युनिट (imp/kWh) असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो. ३२०० चा मीटर असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. त्यावरून सूत्र:

वॉट = ३६,००,००० × लुकलुकी ÷ (मीटरवरचा इंपल्सचा आकडा × सेकंद)

३२०० च्या मीटरला हेच सोपं होतं: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. १६०० ला २२५० घ्या, ६४०० ला ५६२.५. नऊ सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर ३२०० च्या मीटरवर भार १२५ वॉट.

मीटर खाली पार्किंगमधल्या मीटर रूममध्ये आणि स्विच वर चौथ्या मजल्यावर, ही पुण्यातल्या सोसायट्यांची नेहमीची अडचण. एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर स्विच चालू-बंद करायचे, फोन दोघांच्या कानाला. त्याहून चांगलं म्हणजे खालच्या माणसाने मीटरचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि लुकलुकी नंतर शांतपणे मोजायची. व्हिडिओत सेकंद आपोआप नोंदले जातात. मोजताना पहिली लुकलुक शून्य धरायची, एक नाही. मोठा भार असेल (गिझर चालू असताना ३२०० चा मीटर सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो) तर ६० लुकलुकींचा वेळ घ्या. लहान भाराला निदान पाच लुकलुकी होईपर्यंत थांबा. काही मीटरवर दोन दिवे असतात, एक युनिटचा आणि एक रिअ‍ॅक्टिव्ह ऊर्जेचा (ती घरगुती बिलात धरली जात नाही). कुठला दिवा कशाचा ते शेजारच्या छापील अक्षरांवरून आधी नक्की करा, कारण चुकीचा दिवा मोजला तर आकडा ताळ्यात येतच नाही. आणि मीटरच्या सीलला हात लावू नका. या पद्धतीत त्याची गरजच पडत नाही.

पहिली चाचणी: घरातला मेन स्विच पूर्ण बंद करा आणि मीटर बघा. पाच मिनिटांत एकही लुकलुक होता कामा नये. झाली, तर मीटर आणि तुमचा मेन स्विच यांच्यामध्ये कोणाची तरी वायर जोडलेली आहे किंवा इन्सुलेशन गेलं आहे. पुढचं सगळं सोडून आधी वायरमन बोलवा.

दुसरी चाचणी मेन चालू ठेवून. बऱ्याच मीटरवर 'ई/एल' किंवा 'अर्थ' असं लिहिलेला आणखी एक दिवा किंवा खूण असते. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखे नसले की ती पेटते. आपल्याकडचे मीटर चोरी पकडण्यासाठी अशा वेळी दोन्हींतला मोठा करंट धरून युनिट मोजतात. त्यामुळे दुसऱ्या फ्लॅटचा किंवा जिन्याच्या दिव्यांचा न्यूट्रल चुकून तुमच्या न्यूट्रलला जोडला गेला असेल, तर त्यांच्या भाराचा काही भाग तुमच्या मीटरवर चढू शकतो. दोन फ्लॅट जोडून एक केलेले असतील, रंगकाम-फर्निचरच्या वेळी वायरिंग हललं असेल किंवा इन्व्हर्टरचं काम घाईत झालं असेल, तर हे हमखास तपासा. मेननंतर आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारी कळ) बसवलेली असेल आणि ती नीट चालत असेल, तर असा दोष टिकत नाही, ती ट्रिप होते. 'सारखी पडते' म्हणून कोणी ती काढून टाकली असेल, तर ती का पडत होती याचं उत्तर बहुधा इथेच सापडेल.

तिसरी चाचणी रात्रीची, आणि तुमच्या प्रश्नात मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळे दिवे, पंखे, टीव्ही बंद, गिझर भिंतीवरच्या स्विचपासून बंद, फ्रिजही दहा मिनिटांसाठी बंद. आता जे काही मोजलं जाईल तो घराचा पायाभार, म्हणजे तुम्ही काहीही वापरत नसताना जाणारी वीज. ३२०० च्या मीटरवर दोन मिनिटांत चार लुकलुकी आल्या तर ३७ वॉट, महिन्याला २७ युनिट. राऊटर ८ वॉट, सेट टॉप बॉक्स १० वॉट (रिमोटने बंद केला तरी बऱ्याच बॉक्सचा वापर फारसा उतरत नाही), इन्व्हर्टर १५ वॉट, इतकं नेहमीच्या घरात असतंच. पण दोन मिनिटांत बारा लुकलुकी आल्या तर ११२ वॉट. म्हणजे महिन्याला ८१ युनिट, आणि ती कशात गेली हे तुम्हाला कुठे दिसणारही नाही.

असा मोठा पायाभार आला तर पहिला संशय इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर चांगला इन्व्हर्टर १० ते २५ वॉट घेतो. बॅटरी जुनी झाली, पाण्याची पातळी खाली गेली, प्लेटांवर सल्फेट चढलं की चार्जिंग पूर्ण होतच नाही, आणि ६०-१०० वॉट दिवसरात्र जात राहतात. ती सगळी उष्णता होते. बॅटरी गरम लागते, पाणी लवकर आटतं, वास येतो. नवीन वस्तू न घेता बिल वाढण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि लोक ते सर्वांत शेवटी बघतात. इथे प्लगच्या मीटरने फसगत होते ती अशी: भिंत आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये मीटर लावला की इन्व्हर्टरवर असलेले पंखे, दिवे, टीव्ही हे सगळंही त्याच्यातून जातं, कारण वीज असताना इन्व्हर्टर ती नुसती पुढे सोडत असतो. म्हणून आधी इन्व्हर्टर लाइनवरचे सगळे पॉईंट बंद करा आणि मग आकडा बघा. वीज जाऊन आलेली असेल तर निदान बारा तास थांबा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि त्याच संध्याकाळी मोजलं, तर चार्जिंगचाच भार दिसेल. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी पूर्ण उतरली तर ती परत भरायला दोन-अडीच युनिट लागतात.

आता प्लगचा मीटर. विकत घेताना तो वॉट, युनिट, व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपियरमधला खऱ्या वॉटचा हिस्सा) हे चारही दाखवतो का, आणि वीज गेल्यावर युनिटची नोंद टिकते का, हे दोन प्रश्न विचारा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्यांपैकी कित्येकांमध्ये नोंद बटण सेलवर टिकते, आणि सेल दुकानातच संपलेला असतो. १६ अँपियर लिहिलेलं असलं तरी स्वस्त मीटरवर २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालवू नका. दहा मिनिटांनी पिनला हात लावून बघा, गरम लागली तर तो मीटर फक्त फ्रिज-टीव्हीसाठी ठेवा. दोन-तीन वॉटच्या खाली यांतले बहुतेक मीटर शून्य दाखवतात. चार्जर, मच्छर मारायचं मशीन असल्या बारीक गोष्टी मोजायच्या असतील तर एका एक्स्टेन्शनवर चार-पाच एकत्र लावा. किंवा जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब सोबत चालू ठेवा आणि बल्बचा आकडा वजा करा. तोच बल्ब मीटर तपासायलाही उपयोगी पडतो: पॉवर फॅक्टर १ च्या अगदी जवळ दिसला पाहिजे.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दोन चुका ठरलेल्या. तीन कोअर केबलवर सगळीकडून क्लॅम्प लावला की फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. त्यासाठी १६ अँपियरचा पिन टॉप, मेटल बॉक्सचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची केबल घेऊन छोटी एक्स्टेन्शन करा, बाहेरचं आवरण वीतभर सोला, आतल्या वायरींचं इन्सुलेशन अखंड ठेवा, आणि क्लॅम्प फक्त फेजवर लावा. दुसरी चूक म्हणजे अँपियर गुणिले व्होल्ट म्हणजे वॉट असं धरणं. फ्रिज ०.९ अँपियर आणि २३२ व्होल्ट दाखवत असेल तर गुणाकार २०९ येतो, पण पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर खरे वॉट १२५. स्वस्त एलईडी बल्बांचंही तसंच. घरगुती बिल खऱ्या वॉटवरच लागतं, त्यामुळे नुसत्या क्लॅम्पने मोजलेलं मोटरीचं आणि एलईडीचं उत्तर दीडपट-दुप्पट फुगलेलं असतं. गिझर, शेगडी, इस्त्री यांना मात्र क्लॅम्प पुरतो.

फ्रिजकडे परत येऊ. प्लगचा मीटर शून्य करून सलग तीन दिवस लावून ठेवा आणि युनिट वाचा, वॉट वाचू नका. तीन दिवस अशासाठी की फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर मधूनमधून चालतो, एका दिवसाच्या मोजणीत तो कधी दोनदा येतो, कधी एकदाच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज तर कमी वॉटवर जवळजवळ सतत चालतो, त्याच्या एका क्षणाच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. स्टॅबिलायझर असेल तर मीटर भिंत आणि स्टॅबिलायझरच्या मध्ये लावा, म्हणजे स्टॅबिलायझरचे स्वतःचे वॉटही धरले जातील. आलेल्या आकड्याची तुलना दारावरच्या स्टार लेबलवरच्या वार्षिक युनिटांना ३६५ ने भागून करा. घरातला वापर लेबलपेक्षा थोडा जास्त असणारच, कारण दार उघडलं जातं आणि गरम भांडी आत जातात. पण दुप्पट आला आणि कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर आधी दाराचं रबर बघा: कागदाचा कपटा दारात धरून बंद करा, तो सहज ओढून निघाला तर तिथून गार हवा जाते. रबर बदलणं नव्या फ्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

डिसेंबर असल्यामुळे गिझर नीट हिशेबात घ्यायला हवा, आणि इथे मोजण्याआधी गणितानेच बरंच कळतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. आंघोळीची २० लिटरची बादली ४२ अंशांची हवी आणि टाकीतलं पाणी २४ अंशांचं असेल तर ०.४२ युनिट. थंडीत तेच पाणी १८ अंशांवर आलं की ०.५६. चार माणसांना महिन्याला ५० ऐवजी ६७ युनिट. म्हणजे थंडीमुळे फार तर वीसेक युनिट वाढतात, शंभर नाहीत. शॉवरखाली जास्त वेळ जायला लागला असेल तर आकडा वाढेल, म्हणून एकदा शॉवरखाली बादली ठेवून मिनिटाला किती लिटर पडतं ते बघा.

तपासायच्या गोष्टी दोन. एक, गिझरचा स्विच दिवसभर चालू राहतो का? २५ लिटरचा जुना गिझर नुसता तापलेला ठेवायला किती खातो हे घरातलं बाकी सगळं बंद करून, पाणी न वापरता, चार-सहा तासांच्या मीटर रीडिंगने कळतं. दोन, गरम नळ ठिबकतो का? तासाला एक लिटर म्हणजे अगदी बारीक धार. पण ते पाणी २० वरून ५० अंशांवर गेलेलं असेल तर दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पुढचा हँडशॉवर बंद अशी सवय असेल तर गरम पाणी थंड लाइनमध्ये घुसतं, ते बाहेर ठिबकतही नाही. थंड नळाला सकाळी कोमट पाणी आलं तर हेच समजा. क्षारामुळे गिझर जास्त वीज खातो असं टँकर-बोअरवेलच्या भागात, वाघोलीकडे वगैरे, नेहमी ऐकू येतं. क्षार चढलेला एलिमेंट लवकर जळतो हे खरं, पण तो पाण्यात बुडालेलाच आहे, त्याची उष्णता पाण्यातच जाते. बिल त्याने फारसं वाढत नाही.

गिझरच्या लेबलवर २००० वॉट असले तरी तुमच्या मोजणीत तितके येतीलच असं नाही. हीटरचे वॉट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात: २३० ला २००० असतील तर २१० ला १६७०. यात गिझर बिघडलेला नसतो. पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिट जवळजवळ तेवढीच.

पंखा प्लगवर नसतो, म्हणून तो मुख्य मीटरवरच मोजा: बाकी सगळं बंद, तीन पंखे एकदम पूर्ण वेगाने, आणि तिनाने भागा. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) ३०. बारा तास रोज धरले तर महिन्याला २७ आणि ११ युनिट. थंडीत पंखे बंद असतात, त्यामुळे तुमचा वापर ऑक्टोबरपेक्षा उलट कमी व्हायला हवा होता. ११० युनिटांची वाढ मला म्हणूनच हवामानाची वाटत नाही.

एसी या हिशेबात नाही, पण एप्रिलमध्ये मोजायचा असेल तर प्लगच्या मीटरच्या वाटेला जाऊ नका. सारख्याच उकाड्याच्या दोन रात्री निवडा, एक एसीची, एक बिनएसीची, आणि दोन्ही वेळा रात्री दहा आणि सकाळी सहाचं मुख्य मीटरचं रीडिंग घ्या. फरक तोच एसीचा खर्च. नवा टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर नोंदणारा) मीटर असेल तर तासागणिक वापर महावितरणच्या अ‍ॅपवर बघता येतो, खाली उतरायची गरज नाही. एसीच्या लेबलवरची वार्षिक युनिटं १६०० तासांची असतात, तुमचे तास धरून त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

मिक्सर, टोस्टर, ड्रायर यांवर वेळ घालवू नका. ७५० वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. वॉशिंग मशीन मोजताना एक पूर्ण धुणं मोजा. गार पाण्याचं आणि ६० अंशांचं धुणं यांत पाचपट फरक सहज असतो. इंडक्शन शेगडी कमी आचेवर चालू-बंद होत राहते, तिचंही फक्त युनिट वाचायचं.

शेवटी ताळा. पायाभार, फ्रिज, गिझर, पंखे, दिवे, स्वयंपाक, धुणं यांची रोजची युनिटं एका कागदावर लिहून बेरीज करा आणि त्याच आठवड्यात मुख्य मीटर रोज एकाच वेळी वाचा. दोन्हींत दहा टक्क्यांच्या आत फरक राहिला तर मोजणी जमली. जास्त राहिला तर डीबीतले (मेनजवळच्या पेटीतले) एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, एकेक करून पाडा आणि दर वेळी खाली लुकलुक किती कमी झाली ते बघा. कुठल्या लाइनवर न सापडलेले वॉट आहेत ते अर्ध्या तासात कळतं.

मीटरच वेगाने पळतोय असा संशय असेल तर बाकी सगळं बंद करून प्लगच्या मीटरमधून इस्त्री किंवा हजार वॉटचा हीटर चालवा आणि दोन्हींकडे पूर्ण एक युनिट होऊ द्या. आधी एखाद्या दुसऱ्या प्लगच्या मीटरशी आपला मीटर पडताळून घ्या. तरीही फरक पाच टक्क्यांवर आला तर महावितरणकडे शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज करा, आणि अर्जासोबत तारीख-वेळेसह दोन्ही रीडिंगचे फोटो जोडा.